फोटो घरातच, ओळख मात्र हरवली! वंशवृक्षातील तुटलेल्या दुव्यांचे काय करावे?

आखाजीला खान्देशातील सासुरवाशिणी माहेरी येतात. गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरली जाते, सांजोऱ्या आणि आंब्याच्या रसाचा नैवेद्य होतो. जेवणे झाल्यावर पुण्याहून आलेला भाचा लॅपटॉप उघडतो आणि दोन वर्षे खपून केलेला घराण्याचा वंशवृक्ष सगळ्यांना दाखवू लागतो. खापरपणजोबांपासून सगळी नावे जागेवर आहेत. फोटोंच्या चौकटी मात्र रिकाम्या, आणि प्रत्येक चौकटीखाली एकच ओळ : फाइल सापडत नाही.

वंशवृक्षाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कोणत्याही घरात हा प्रसंग येऊ शकतो. विशेष म्हणजे फोटो बहुधा पुसले गेलेले नसतात. ते त्याच लॅपटॉपवर, दुसऱ्या एखाद्या फोल्डरमध्ये सुखरूप असतात. तुटलेला असतो तो नाव आणि चेहरा यांना जोडणारा दुवा. हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. पण त्याकडे आज दुर्लक्ष केले, तर त्याची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागेल.

फोटो वंशवृक्षात नसतो, मग असतो कुठे?

संगणकावर चालणाऱ्या वंशवृक्षाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये फोटो 'जोडला' म्हणजे तो आत साठवला गेला, असा समज असतो. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर फक्त फोटोचा पत्ता लिहून ठेवते. पडद्यावर आजोबांचे नाव उघडले की ते त्या पत्त्यावर जाऊन फोटो आणते आणि दाखवते. पत्त्यावर फोटो नसेल, तर चौकट रिकामी राहते.

हा पत्ता दोन प्रकारे लिहिता येतो. धुळ्याच्या जुन्या पेठेतील गल्ल्यांना क्रमांक आहेत, हे शहरात राहणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. 'धुळे शहर, आग्रा रोड, अमुक क्रमांकाची गल्ली, डावीकडचे तिसरे घर' हा झाला पूर्ण पत्ता. 'आमच्या घराच्या शेजारचे घर' हा झाला सापेक्ष पत्ता. दोन्ही घरे एकाच वेळी दुसऱ्या गावी हलली, तर पूर्ण पत्ता खोटा ठरतो. पण शेजार कायम राहिला, तर सापेक्ष पत्ता खराच राहतो.

संगणकावरही हेच घडते. 'सी ड्राइव्ह, अमुक वापरकर्ता, डाउनलोड्स, स्कॅन १२' असा पूर्ण पत्ता लिहिलेला असेल, तर लॅपटॉप बदलताच तो निरुपयोगी होतो. नव्या लॅपटॉपवर वापरकर्त्याचे नाव वेगळे असते, कधी ड्राइव्हही वेगळा असतो. 'वंशवृक्षाच्या फोल्डरमधील फोटो या फोल्डरात, स्कॅन १२' असा सापेक्ष पत्ता असेल, तर पूर्ण फोल्डर उचलून कुठेही नेता येतो.

दुवे तुटतात कधी?

कारणे साधी असतात. पहिले कारण आवराआवर. लॅपटॉपमधील जागा संपली म्हणून कुणी तरी फोटो दुसऱ्या ड्राइव्हवर हलवतो. दुसरे कारण नाव बदलणे. 'स्कॅन १२' हे नाव खटकते म्हणून त्याचे 'आजोबा' केले जाते. हेतू चांगला असतो, पण सॉफ्टवेअर अजूनही 'स्कॅन १२' शोधत असते.

तिसरे कारण पेनड्राइव्ह. फोटो पेनड्राइव्हवरूनच जोडले आणि नंतर तो काढून ठेवला, की सगळे दुवे एका क्षणात तुटतात. चौथे कारण थोडे लपलेले आहे. विंडोज संगणक इंग्रजी नावातील मोठ्या आणि लहान अक्षरांत सहसा भेद करत नाही, लिनक्स मात्र करते. त्यामुळे एका यंत्रावर दिसणारा फोटो दुसऱ्यावर दिसत नाही. देवनागरीत दिलेली फाइलनावे आजच्या यंत्रांवर चालतात. पण जुन्या पद्धतीच्या झिप फाइलमधून जाताना त्यांची जागा प्रश्नचिन्हे किंवा अगम्य खुणा घेऊ शकतात.

जेडकॉम फाइल पाठवली, तरी फोटो का जात नाहीत?

एका सॉफ्टवेअरमधील वंशवृक्ष दुसऱ्यात नेण्यासाठी जगभर 'जेडकॉम' ही पद्धत वापरली जाते. अमेरिकेतील मॉर्मन चर्चने १९८४ मध्ये ती आणली. वंशावळींच्या नोंदी जमवण्याचे काम या चर्चने अनेक दशके केले आहे आणि 'फॅमिलीसर्च' ही सेवा त्यांचीच आहे. आजही अनेक सॉफ्टवेअर जेडकॉमची ५.५.१ ही आवृत्ती वापरतात. तिचा मसुदा १९९९ मधला आहे.

ही फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. नाव, जन्म, लग्न, मृत्यू, कोण कुणाचे अपत्य, असे सगळे त्यात ओळीने लिहिलेले असते. फोटोच्या जागी असते ती फक्त फाइलच्या पत्त्याची ओळ. धुळ्याच्या काकांनी सुरतेच्या पुतण्याला जेडकॉम पाठवली, तर पुतण्याला शेकडो नावे मिळतात आणि काकांच्या लॅपटॉपवरील फोटोंचे पत्ते मिळतात. फोटो धुळ्यातच राहतात. संकेतस्थळावर तयार केलेला वंशवृक्ष जेडकॉम म्हणून उतरवला, तरी बहुतेक वेळा फोटो सोबत येत नाहीत.

२०२१ मध्ये आलेल्या जेडकॉमच्या ७.० आवृत्तीत यावर उपाय आहे. नावांची फाइल आणि फोटो एकाच गाठोड्यात बांधून पाठवण्याची सोय तिच्यात केली आहे. मात्र ही सोय दोन्ही बाजूंच्या सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. 'ग्रॅम्प्स' या मोफत, मुक्त सॉफ्टवेअरमध्येही फोटोंसह पूर्ण गाठोडे बांधण्याचा वेगळा पर्याय आहे. तो निवडला नाही, तर फोटो मागे राहतात.

सगळे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आहेतच, मग काळजी कशाला?

खरी काळजी तिथेच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो, त्याचे मूळ नाव जाते आणि फोटोच्या आत साठवलेली तारीख, टीप यांसारखी माहितीही गळून पडते. मिळणाऱ्या फाइलला फक्त तारीख आणि अनुक्रमांक असतो. ती तारीखही फोटो काढल्याची नसून पाठवल्याची असते. म्हणजे १९६२ सालच्या लग्नाचा फोटो गेल्या मंगळवारचा ठरतो.

फोनमधील फोल्डरही कायमचे नसतात. अँड्रॉइड ११ च्या सुमारास अ‍ॅपच्या फोल्डरांचे नियम बदलले आणि व्हॉट्सअ‍ॅपचा फोल्डर फोनच्या मुख्य जागेवरून 'अँड्रॉइड' फोल्डरच्या आतील 'मीडिया' फोल्डरमध्ये गेला. जुन्या जागेचा पत्ता ज्या नोंदींत होता, त्या वापरकर्त्याने काहीही न करता चुकल्या.

ऑनलाइन साठवणीलाही मर्यादा आहे. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती त्यातील मजकुरासह काढून टाकण्याचे गुगलचे धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. घराण्याचे फोटो ज्यांच्या खात्यात आहेत ती व्यक्तीच गेली आणि पासवर्ड कुणाला ठाऊक नसेल, तर हे धोरण त्या फोटोंनाही लागू पडते. खाते वापरात नसल्यास त्यातील माहिती कुणाला मिळावी, हे आधीच नोंदवण्याची सोय गुगलने दिली आहे. ती फार थोडे लोक वापरतात.

फोटो तर आहेत. दुवा तुटल्याने बिघडते काय?

आज फारसे काही बिघडत नाही, कारण आजी अजून आहे. रिकामी चौकट दाखवली की ती फोटोंच्या ढिगातून बोट ठेवून सांगते, 'हा तुझ्या आजोबांचा मोठा भाऊ, आणि ही त्याची पहिली बायको.' दुवा पुन्हा जोडता येतो. आजी गेल्यानंतर तोच फोटो 'कुणी तरी दोन माणसे' एवढाच उरतो. फोटो आहे, नाव आहे, पण कोणते नाव कोणत्या चेहऱ्याचे, हे सांगणारे कुणी नाही.

याचा सर्वांत मोठा फटका घरातील स्त्रियांना बसतो. पुरुषांची नावे सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यांत, भाटाच्या वहीत कुठे ना कुठे सापडतात. जुन्या वंशावळी मुळात बापाकडून मुलाकडे जातात. लेकी त्यात बहुधा नसतात आणि सुना असल्या तरी 'अमक्याची पत्नी' म्हणून असतात. लग्नानंतर आडनाव बदले, अनेक घरांत पाळण्यातले नावही बदले. अशा पणजीची उरलेली एकमेव खूण म्हणजे स्टुडिओत काढलेला एखादा फोटो आणि त्याला जोडलेले तिचे नाव. तो जोड तुटला, तर तिला शोधायला दुसरा कागद नाही.

वंशवृक्षाला फक्त चेहरेच जोडलेले नसतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकातील जन्माची नोंद, जमिनीचा जुना उतारा यांचे फोटोही अनेक जण त्यातच ठेवतात. जातपडताळणीच्या अर्जाला वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते आणि वडिलांकडील नातेवाइकांचे जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीच्या नोंदींना तिथे महत्त्व असते. मोबाइलमधील फोटो म्हणजे पुरावा नव्हे. कार्यालयाला मूळ कागद किंवा प्रमाणित नक्कलच लागते. पण ती नक्कल कोणत्या गावच्या, कोणत्या शाळेच्या, कोणत्या रजिस्टरातून काढायची, हे त्या फोटोवरूनच कळते. प्रवेशाची मुदत तोंडावर आली असताना 'दाखला होता, पण कुठे जोडला होता ते सापडत नाही' ही अडचण लहान नाही.

धुळ्याने हा प्रश्न पूर्वी कसा सोडवला?

कागद आणि त्याची ओळख एकत्र कशी ठेवायची, हा प्रश्न धुळ्याला नवा नाही. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव फिरून, घरोघरचे माळे आणि पेट्या धुंडाळून जुनी दफ्तरे गोळा केली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे धुळ्यातच निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ या शहरात उभे राहिले. त्यांचा संग्रह तिथे जपला गेला.

राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांत हजारो कागद छापले. त्यातील कागदांना लेखांक आहेत. मूळ कागद आज कोणत्या कपाटात आहे, यावर तो लेखांक अवलंबून नाही. कपाट बदलले, इमारत बदलली, तरी खंड आणि लेखांक सांगितला की अभ्यासकाला तोच कागद कळतो. शंभर वर्षांनंतरही ते संदर्भ चालतात.

घरातल्या फोटोंसाठी धडा हाच आहे. वस्तूची ओळख तिच्या जागेवर टांगून ठेवू नये. प्रत्येक फोटोला एक कायमचा क्रमांक द्यावा, आणि तो कुणाचा, कधीचा, कुणाकडून मिळाला, हे फोटोसोबतच लिहून ठेवावे.

नवा वंशवृक्ष सुरू करताना काय करावे?

- एकच मुख्य फोल्डर करावा. वंशवृक्षाची फाइल आणि 'फोटो' हा उपफोल्डर, दोन्ही त्यातच ठेवावेत. फोटो आधी या फोल्डरात आणावा, मगच सॉफ्टवेअरमध्ये जोडावा. डाउनलोड्स, पेनड्राइव्ह किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरातून थेट जोडू नये.

- जोडण्याआधीच नाव द्यावे. वर्ष, गाव, प्रसंग, क्रमांक हा क्रम सोयीचा असतो. उदाहरणार्थ, '१९६२-सोनगीर-लग्न-०१'. फाइलचे नाव इंग्रजी लहान अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता लिहिले, तर ते सर्व यंत्रांवर चालते. फोटोखालची माहिती मात्र खुशाल मराठीत लिहावी. एकदा दिलेले नाव पुन्हा बदलू नये.

- सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये फोटोंचा मुख्य फोल्डर सांगून सापेक्ष पत्त्यांचा पर्याय निवडावा. ग्रॅम्प्ससह अनेक सॉफ्टवेअरमध्ये तो असतो.

- नावे फोटोच्या आतही लिहावीत. डिजिकॅमसारख्या मोफत सॉफ्टवेअरने फोटोच्या फाइलमध्येच टीप साठवता येते. दुवा तुटला तरी टीप फोटोसोबत राहते. छापील फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. फोटोच्या मागे आधीचे काही लिहिलेले असेल, तर त्या बाजूचाही फोटो काढावा.

- नातेवाइकांना फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. त्यामुळे मूळ आकार, नाव आणि आतील माहिती टिकते.

- पूर्ण फोल्डरच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातील एक दुसऱ्या गावी असावी. खान्देशातील घराण्यांना हे अवघड नाही. घरटी कुणी तरी सुरत, नाशिक, पुणे किंवा मुंबईत असतेच.

दुवे आधीच तुटले असतील तर?

घाईने एकेक फोटो पुन्हा जोडत बसू नये आणि रिकाम्या चौकटी पुसून टाकू नयेत. त्या चौकटीत जुना पत्ता असतो आणि हरवलेली फाइल शोधण्याचा धागा तोच असतो. आधी पूर्ण फोल्डरची प्रत काढावी. मग जुना पत्ता वाचून त्या नावाची फाइल संगणकावर शोधावी.

फोटो एकाच नव्या जागी सापडले, तर काम सोपे आहे. ग्रॅम्प्सच्या 'मीडिया मॅनेजर'मध्ये पत्त्यातील जुना भाग आणि नवा भाग एकदाच सांगितला, की सर्व नोंदींत बदल होतो. पूर्ण पत्त्यांचे सापेक्ष पत्ते करण्याची सोयही तिथेच आहे. जेडकॉम फाइल असेल, तर ती साध्या नोटपॅडमध्ये उघडता येते आणि 'शोधा व बदला' वापरून पत्ते दुरुस्त करता येतात. हे काम नेहमी प्रतीवर करावे, मूळ फाइलवर नाही.

फाइलचे नाव बदलल्याने दुवा तुटला असेल, तर यंत्राचा उपयोग मर्यादित आहे. तिथे चेहरे ओळखणारे माणूसच लागते. आणि त्या माणसाचे वय बहुधा ऐंशीच्या पुढे असते.

जबाबदारी कुणाची?

सॉफ्टवेअर करणाऱ्यांची आहेच. फोटो 'जोडला' असे म्हणून प्रत्यक्षात पत्ता लिहिणे ही सामान्य माणसाची दिशाभूल आहे. फोटो बाहेरच्या फोल्डरातून जोडला जात असेल, तर 'याची प्रत वंशवृक्षाच्या फोल्डरात ठेवू का?' एवढा प्रश्न प्रत्येक सॉफ्टवेअरने विचारायला हवा. फाइल पाठवताना किती फोटो सोबत जाणार नाहीत, हेही सांगायला हवे.

पण घरानेही सगळा भार एका 'कॉम्प्युटरवाल्या' मुलावर टाकून मोकळे होऊ नये. तो परदेशी गेला किंवा त्याचा लॅपटॉप बिघडला, की घराण्याचा इतिहास थांबतो. फोल्डर कुठे आहे, पासवर्ड कुणाकडे आहे, फोटोंना नावे कोणत्या पद्धतीने दिली आहेत, हे एका कागदावर लिहून घरातील दोन-तीन जणांना दिले, तरी अर्धे काम होते. हा वंशवृक्ष इंटरनेटवर टाकायचा असेल, तर हयात माणसांची माहिती आणि दाखल्यांचे फोटो वगळावेत, हेही त्याच कागदावर लिहावे.

भाटाच्या वहीला दुव्यांची गरज नव्हती. नाव आणि नाते एकाच पानावर होते आणि वही वाचली जात होती. डिजिटल वंशवृक्षात चेहरेही आले, ही मोठी भर आहे. पण तो वर्षातून एकदा तरी उघडून पाहावा लागतो. त्यासाठी खान्देशाला वेगळा दिवस शोधायला नको. आखाजीला लेकी माहेरी असतात, आत्या-मावश्या एकत्र बसतात आणि गेलेल्यांची नावे तोंडी असतातच. घागर भरून झाली की तासभर लॅपटॉप उघडावा, रिकाम्या चौकटी मोजाव्यात आणि घरातील सर्वांत म्हाताऱ्या बाईला समोर बसवून विचारावे, 'हे कोण?' ती सांगेल ते तिथल्या तिथे लिहून घ्यावे.